आर्लेतने झाडलेल्या पायऱ्या

आमच्या ब्रूयाकची गढी भाड्याने मिळते. शनिवार ते शनिवार, आठवड्याच्या बोलीवर. एकट्यादुकट्याने विचारूच नये. पन्नास-साठ माणसांचं खटलं असेल तर बोला. इंटरनेटवरचे फोटो बघाल तर डोळे दिपतील: दोन बुरूज, मधोमध रुंद दगडी पायऱ्या, समोर हिरवळ, मागे अक्रोडांची राई. फोटोत छत गळताना दिसत नाही, आणि पाणी येण्याआधी नळ जे खोकतात तेही ऐकू येत नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. पण सोनूबाई देखणी आहे, हे काही खोटं नाही.

ही सोनूबाई सांभाळते आर्लेत बुइसू. सत्तरी ओलांडलेली, ठेंगणी, गुडघ्यांनी वाकडी आणि जिभेने सरळ. आताच्या मालकीणबाई, मादाम कास्तें, बोर्दोला राहतात. जुन्या मालकांच्या वारसांकडून त्यांनी गढी विकत घेतली, दोन न्हाणीघरं बांधली आणि भाड्याने द्यायला काढली. त्या अधूनमधून फोन करतात, बाकी सगळं आर्लेतवर सोडलेलं. शनिवारी दुपारी पाहुण्यांच्या गाड्या लागल्या की आर्लेत एप्रनला हात पुसत पुढे येते आणि तिचं भाषण सुरू होतं.

"बुरुजातल्या दोन संडासांच्या साखळ्या एकदम ओढायच्या नाहीत. एकाने ओढली की दुसऱ्याने गाणं म्हणत थांबायचं. दिवाणखान्यातली शेकोटी पेटवायची नाही, धुराड्यात कावळ्यांचं बिऱ्हाड आहे. माळ्यावर वटवाघळं आहेत, ती भाड्यात धरलेली नाहीत, त्यांच्या वाटेला जायचं नाही. आणि भूत नाही. विचारू नका. असतं तर मी त्याला कधीच भांडी घासायला बसवलं असतं."

लोक हसतात. इंग्रज जरा जास्तच हसतात, कारण त्यांना निम्मं कळलेलं नसतं. बेल्जियमचं एक कुटुंब दरवर्षी येतं; ते आता हे भाषण आर्लेतच्या बरोबरीने म्हणतात. पॅरिसच्या कचेऱ्यांमधली माणसं येतात, एकमेकांवर विश्वास ठेवायला शिकायचं म्हणून, आणि दुसऱ्याच दिवशी फ्रिजमधल्या चीजवरून भांडतात. आर्लेत सगळ्यांवर ओरडते, सगळ्यांना पोटभर खाऊ घालते आणि निघताना गाडीत अक्रोडाच्या वाइनची बाटली कोंबते.

आणि रोज सकाळी ती पायऱ्या झाडते. आतून दिवाणखान्याचं मोठं दार उघडून बाहेर यायचं, वरच्या पायरीपासून सुरुवात करायची, एकेक पायरी झाडत खाली यायचं, कचरा पाटीत भरायचा, आणि मग गढीला वळसा घालून, विहिरीवरून, मोरीशेजारच्या मागच्या दाराने पुन्हा आत शिरायचं. मादाम कास्तें एकदा म्हणाल्या होत्या, "अहो आर्लेत, समोरून या ना सरळ! एवढा वळसा कशाला घालता?"

"पायांना वाट पाठ झालीय, मादाम."

मादामना ते फार गोड वाटलं. पण पायांचा काही संबंध नव्हता. आमच्या गावात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. गढीच्या समोरच्या पायऱ्या गावाच्या नाहीत. राजे गेले, प्रजासत्ताक आलं, गावात लाल बावट्याचे महापौरसुद्धा होऊन गेले, तरी आमचा पोस्टमन पत्रं घेऊन मागच्या दाराशीच जातो. अडवत कुणी नाही, पण चढतही कुणी नाही.

आर्लेतला एक थोरला भाऊ आहे, आबेल. उंचापुरा, मिशाळ, जन्मभर जंगलात लाकूडतोड केलेला, शब्दांच्या बाबतीत महाकंजूष. बायको गेल्यापासून गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटाच राहतो. दर रविवारी आर्लेत त्याच्याकडे जेवायला जाते. दोघं जेवतात, हवापाण्यावर बोलतात, पत्ते खेळतात, आबेल लबाडी करतो, ती शिव्या देते. पण आबेल तिच्याकडे कधी आलेला नाही. एकदासुद्धा नाही. तिचं दोन खोल्यांचं घर गढीच्या फाटकाच्या आत आहे, आणि त्या फाटकाच्या आत आबेल पाऊल टाकत नाही.

तिचं लग्न गढीच्या माळ्याशी झालं, ओबेंशी. आबेल चर्चपर्यंत आला, जेवणाला आला नाही. पुढे ओबें गेला तेव्हा आबेलने खांदा दिला, कबरीवर माती टाकली. मग सगळे आर्लेतच्या घरी सूप प्यायला निघाले, तर हा फाटकाशी टोपी काढून क्षणभर उभा राहिला आणि वळून चालता झाला. ते तिच्या काळजात रुतलंय. आपल्या थोरल्या भावाने एकदा आपल्या टेबलाशी बसावं, आपल्या हातचं सूप प्यावं, एवढीच तिची इच्छा. केवढीशी ती! पण अर्धं आयुष्य सरलं तरी पुरी झाली नाही. तिच्या स्वैपाकघरातल्या टेबलाला दोन खुर्च्या आहेत. दुसरीवर मांजर झोपतं.

हे सगळं पासष्ट सालापासूनचं. आर्लेतच्या माहेरचे बुइसू तेव्हा गढीची जमीन अर्धेलीने कसायचे. त्या वसंतात जुने मालक गावचे महापौर झाले. आमच्याकडे निवडून आलेल्याच्या दारात मेचं झाड रोवतात. जंगलातला उंच पाइन निवडायचा, साल सोलून गुळगुळीत करायचा, शेंड्याचा हिरवा तुरा तेवढा ठेवायचा, तिरंगी फिती बांधायच्या, 'मान आमच्या अमक्याला' अशी पाटी ठोकायची आणि दोर लावून सगळ्यांनी मिळून उभा करायचा. ज्याचा मान त्याने सगळ्यांना पाजायचं. आणि एकदा रोवलेलं झाड कुणी काढायचं नाही, ते आपल्या मरणाने मरेपर्यंत उभं राहणार. त्या वर्षीचा पाइन आर्लेत-आबेलच्या बापाने निवडला आणि आबेलने तोडला. 'मान आमच्या मालकांना.' मालकांनी वरच्या पायरीवरून हात हलवला. वाइनची पिंपं मागच्या अंगणात फोडली.

त्याच वर्षी नोव्हेंबरात, सां-मार्तेंच्या दिवशी, म्हणजे कुळांचे करार होतात नि मोडतात त्या दिवशी, बाप त्याच पायऱ्यांच्या तळाशी उभा होता. हातात टोपी, डोक्यावर पाऊस. मालक दारातूनच बोलले. जमीन ट्रॅक्टरखाली आणायची आहे, तुम्ही दुसरीकडे बघा. तीसेक वर्षं राबलेल्या माणसाला एक पायरी वर ये म्हणाले नाहीत. बाजूला त्याचंच झाड उभं, भिजलेल्या फिती लोंबत असलेलं. अठरा वर्षांचा आबेल गाडीशी उभा राहून बघत होता.

पुढे काही वर्षांनी आर्लेत गढीच्या स्वैपाकघरात कामाला लागली. आई अंथरुणाला खिळलेली, बाप खचलेला, आणि दुसरं काम कुठे होतं? आबेल भडकला. "ज्या दारातून बापाला हाकललं त्या दारात तू बटाटे सोलायला बसणार?"

"ते दार वेगळं. मी मागच्या दाराने जाते," आर्लेत म्हणाली, आणि ते ऐकून तो आणखीच पेटला.

लहानपणापासून तो तिला 'पिचून' म्हणायचा, आमच्याकडे चिमुरड्या पोरीला म्हणतात तसं. त्या दिवसापासून ती नुसती 'आर्लेत' झाली. बोलणं दोन वर्षांनी पुन्हा सुरू झालं, पिचून काही परत आली नाही.

नव्याण्णवच्या मोठ्या वादळात ते जुनं झाड पडलं. आर्लेत धावत आबेलला सांगायला गेली. "उशीर केला त्याने," आबेल म्हणाला आणि दार लावून घेतलं.

तर या वर्षी काय झालं. आबेलची मुलगी मायलिस तुलूझला असते, दवाखान्यात नर्स आहे, आणि बापाने न वापरलेले सगळे शब्द तिच्या वाट्याला आलेत. बुइसूंच्या भावकीचा मेळा दर दोन-तीन वर्षांनी भरतो: चुलत, आते, मामे, त्यांचे नवरे-बायका, पोरंबाळं, कुत्री. आजवर तो गावच्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर भरायचा. या खेपेला मायलिसने सगळ्यांकडून वर्गणी काढली, पेंटेकॉस्टच्या सणाच्या सुट्टीत आठवडाभर गढी घेतली आणि मग आत्याला फोन केला.

"आत्या, साठ बुइसू येताहेत! बुरुजात झोपणार!"

"कुठल्या बुरुजात?"

"तुझ्या!"

"अगं बाई गं! साठ बुइसू आणि दोन साखळ्या!"

फोन ठेवला आणि ती ढसाढसा रडली. आनंदाने रडली, उगाच कशाला लपवायचं? बुइसू दिवाणखान्यात जेवणार! बापाने बघायला हवं होतं! आणि लगेच मनात मांडे खायला सुरुवात. सगळी भावकी आत असताना आबेल काय एकटा बाहेर राहील? त्याची स्वतःची मुलगी यजमानीण! येणार, नक्की येणार. आल्यावर आपल्या घरी दोन मिनिटं टेकल्याशिवाय कसा जाईल?

पण सुंभ जळला तरी पीळ जातो थोडाच. मायलिसने फोनवर विचारलं तर बापाने 'नाही' म्हणून फोन ठेवला. रविवारी पत्ते वाटता वाटता आर्लेतने विषय काढला.

"तुम्ही जा. मजा करा," आबेल म्हणाला. "मी घरी ऑम्लेट करीन."

"तुझी नातवंडं तिथे, आणि तू इथे ऑम्लेट खाणार?"

"मशरूम घालून."

"आबेल, मालक मेले. त्यांची पोरं विकून गेली. आता ती खानावळीसारखी झालीय. भाडं भरलं की कुणीही चढतं. इंग्रज चढतात, इंग्रज!"

"चढू देत बापडे."

"किती दिवस शिळ्या कढीला ऊत आणणार आहेस रे?"

आबेलने हातातले पत्ते टेबलावर पालथे ठेवले. असं तो हरत असतानाही करत नाही. "शिळी का? बरं. मग तू सांग. तू किती वेळा चढलीस त्या पायऱ्या?"

"मी? रोज! रोज सकाळी मी..."

"रोज झाडतेस. वरून खाली झाडत उतरतेस. वरच्या जंगलवाटेवरून दिसतं मला. पुन्हा आत जायची वेळ आली की विहिरीला वळसा घालतेस."

आर्लेतला दोन धक्के बसले. हा माणूस इतकी वर्षं जंगलातून आपल्याला बघत होता, हे एक. आणि तो म्हणतो ते खरं आहे, हे दुसरं.

"सगळं संपलंय म्हणतेस ना? मग चढून दाखव. समोरून. हातात झाडू नको, बादली नको, परात नको. तू चढलीस की मी फाटकाच्या आत येतो. हा शब्द दिला."

"एवढंच ना!"

"एवढंच."

घरी येताना तिला वाटलं, हातच्या मळाचं काम. दुसऱ्या दिवशी सकाळी गढी रिकामीच होती. पायऱ्या झाडून झाल्या. झाडू भिंतीला टेकवला, आजूबाजूला चिटपाखरू नाही हे पाहिलं आणि ती पायऱ्यांच्या तळाशी उभी राहिली. उजवा पाय उचलायचा, बास. पण पायच उचलेना! शेगडीवर दूध ठेवलंय असं तिला आठवलं. दूध काही ठेवलेलं नव्हतं. ती झाडू उचलून विहिरीवरून निघून गेली आणि दिवसभर स्वतःच्या पायांना शिव्या मोजत राहिली. "मेल्यांनो, चर्चच्या मनोऱ्यावर चढता, अक्रोडावर चढता, आणि इथे काय धाड भरते?" पुढचे दिवस तिने पुन्हा प्रयत्न केला नाही, न जमण्याची भीती वाटत होती म्हणून.

शनिवार उजाडला. गाड्यांची रांग लागली. लिमोजहून एक काका स्वतःची गादी घेऊन आले, दुसरे एक काका स्वतःचं चीज घेऊन, कारण 'गढीतल्या चीजचा काय भरवसा'. मायलिस पायऱ्यांवर उभी राहून दोन्ही हात पसरून ओरडत होती, "या, या! समोरून या!" आणि बुइसूंची ती अख्खी पलटण बॅगा, गाद्या, पोरं, कुत्री घेऊन, हसत, हात हलवत, विहिरीवरून वळसा घालून मागच्या दाराने आत शिरत होती. कुणी ठरवलं नव्हतं. पहिला म्हातारा तिकडे वळला आणि बाकीचे मेंढरांसारखे त्याच्यामागे गेले.

"अरे देवा!" मायलिसने कपाळाला हात लावला. "भाडं भरून मोरीतून आत येणारे पाहुणे जगात तुम्हीच पहिले!"

सगळे हसले. आर्लेतही हसली, पण तिची नजर त्यांच्या पायांवर खिळली. तुलूझ, लिमोज, पॅरिसला जन्मलेली ही माणसं. यांच्यातल्या निम्म्यांनी जुन्या मालकांचं नावही ऐकलेलं नव्हतं. तरी पाय मागे वळले! तिने सगळ्यांना भाषण ऐकवलं. "आत्या, आम्ही घरचेच ना!" कुणीतरी म्हणालं. "घरचे असाल," ती म्हणाली, "साखळीला नाती कळत नाहीत."

रविवारी दुपारचं मोठं जेवण. दिवाणखान्यात लांबच लांब टेबलं मांडलेली, पांढऱ्या चादरी, मधोमध रानफुलं. आर्लेत पहाटेपासून स्वैपाकघरात. आधी लसणीचं सूप, मग बदकाची तंगडी आणि बदकाच्याच चरबीत तळलेले बटाटे, शेवटी अक्रोडाचा केक. ताटं तिने स्वतः मांडली होती. मायलिस बाजूने नावांच्या चिठ्ठ्या ठेवत आली आणि थबकली.

"आत्या, बाबांचं ताट मांडलंस?"

"मांडायला काय जातंय."

"आणि तुझं कुठाय?"

आर्लेतने टेबलाकडे पाहिलं. तिने न येणाऱ्याचं ताट मांडलं होतं, कुत्र्यांसाठी दाराशी पाण्याचं भांडं ठेवलं होतं, आणि स्वतःला मोजायलाच विसरली होती. "मी वाढणार ना गं," ती म्हणाली.

तेवढ्यात लिमोजचे काका खिडकीशी गेले नि म्हणाले, "अरे, तो आबेल नव्हे? फाटकाबाहेर ट्रॅक्टर लावून बसलाय."

मायलिस धावत गेली आणि धापा टाकत परत आली. "आत येत नाहीयेत. वाट बघतोय म्हणतात. कशाची म्हणून विचारलं तर म्हणाले, तिला माहीत आहे." मग ती थांबली. "आत्या, काय माहीत आहे तुला?"

आर्लेत सुपाच्या पातेल्याशी उभी होती. तिने पळी मायलिसच्या हातात दिली. एप्रनची गाठ सोडली. गाठ सुटेना, तिने ती डोक्यावरून काढून टाकली. ती मागच्या दाराने बाहेर पडली, विहिरीवरून गेली, कोपरा वळून समोर आली. आवाराच्या भिंतीवरून आबेलची टोपी तेवढी दिसत होती, ट्रॅक्टरवर बसलेली, हलत नसलेली.

ती पायऱ्यांच्या तळाशी आली. हातांचं काय करायचं ते तिला कळेना. इतक्या वर्षांत या आवारात ती रिकाम्या हातांनी कधी चाललीच नव्हती. तिने ते पोटावर धरले, मग पाठीमागे, मग सोडून दिले. समोर तोच दगड. प्रत्येक पायरीची झीज तिला ठाऊक होती, पाचोळा कुठल्या कोपऱ्यात अडतो ते ठाऊक होतं, पण ते सगळं वरून. खालून त्या पायऱ्या दुसऱ्याच कुणाच्या वाटत होत्या. इथेच बाप उभा होता. याच फरशीवर, टोपी हातात धरून, आणि वरून कुणी ये म्हणालं नव्हतं. आर्लेतच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पाण्याबरोबर संताप आला, मालकांचा नव्हे, स्वतःचा. अरे, कुणाच्या 'ये' म्हणण्यासाठी थांबलीय मी? ते तर केव्हाच मातीत गेले!

"चला, बाबा," ती मोठ्याने म्हणाली आणि पाय उचलला.

पहिली पायरी झाली. दुसरी झाली. मधल्या पायरीवर गुडघा करकरला, तिथे ती दम खायला थांबली आणि वळून फाटकाकडे पाहिलं. टोपी तशीच. "बघतोयस ना रे मेल्या!" ती ओरडली. "नंतर दिसलं नाही म्हणशील!" आणि राहिलेल्या पायऱ्या चढून गेली. वर दारात मायलिस पळी हातात धरून उभी होती, तिच्या मागे सगळे बुइसू गर्दी करून. त्यांना काय चाललंय ते समजलं नव्हतं, पण म्हाताऱ्यांना समजलं असावं, कारण लिमोजच्या काकांनी टोपी काढली होती.

मग ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला.

आबेल फाटकातून आत आला. मागे लांबलचक ट्रॉली, आणि ट्रॉलीच्याही मागे हातभर बाहेर आलेला, साल सोललेला, ताजा, पिवळाधमक पाइन. शेंड्याला हिरवा तुरा, तिरंगी फिती. ट्रॅक्टर गढीकडे आला नाही. आर्लेतच्या घरासमोर थांबला.

सगळे पायऱ्या उतरून धावले. आर्लेत पोचली तेव्हा तो खड्डा खणायला जागा बघत होता.

"आत ये ना, दिवाणखान्यात तुझं ताट मांडलंय," ती म्हणाली.

"मी गढीत येणार नाही. शब्द फाटकापर्यंतचा होता," तो म्हणाला. "मी माझ्या बहिणीकडे आलोय."

भावकीतल्या तरण्या पोरांना त्याने कामाला जुंपलं. खड्डा खणला, दोर बांधले, शिड्या लावल्या. आबेल 'हां, हां, डावीकडे, तुमच्या आयला, डावं कुठलं ते तरी ठाऊक आहे का?' असं ओरडत होता. गेल्या दहा वर्षांत मिळून बोलला नसेल इतका तो त्या तासाभरात बोलला. झाड डुलत डुलत उभं राहिलं आणि फिती वाऱ्यावर सुटल्या. त्यावरची पाटी आबेलने स्वतः रंगवली होती, अक्षरं शेवटी जागा न उरल्यामुळे दाटीवाटीने बसलेली. मायलिसने मोठ्याने वाचली.

"मान आमच्या पिचूनला."

"पिचून कोण?" एका पोराने विचारलं.

आर्लेतने दोन्ही मुठींनी भावाच्या छातीवर गुद्दे मारले, मग तिथेच डोकं टेकून हुंदके देऊन रडली. आबेल तिच्या पाठीवर थोपटत राहिला, लाकडाचा ओंडका थोपटावा तसा, कारण त्याला दुसरं थोपटणं येत नाही.

"आणि मी चढले नसते तर?" तिने नाक पुसत विचारलं.

"तर हिवाळ्यात जळण झालं असतं."

"पाइन धूर करतो."

"केला असता."

आता ज्याचा मान त्याने पाजायचं. आर्लेतच्या फडताळात अक्रोडाच्या वाइनच्या मोजक्या बाटल्या, आणि बाहेर साठ कोरडे घसे. "थांबा!" मायलिस ओरडली आणि सगळ्यांना घेऊन गढीकडे पळाली. टेबलं बाहेर आली, चादरी आल्या, खुर्च्या, पिंपातली वाइन, सुपाची पातेली, बदकाच्या तंगड्यांच्या पराती. पोरंटोरं, म्हातारेकोतारे, सगळे समोरच्याच पायऱ्यांनी वर-खाली करत होते, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. आठवड्याचं भाडं भरून घेतलेली गढी दारं सताड उघडी टाकून रिकामी पडली, आणि बुइसू राखणदारणीच्या अंगणात गवतावर जेवायला बसले.

मादाम कास्तेंचा फोन आला तो नंतर. कुणीतरी फोटो पाठवले होते त्यांना. "आर्लेत, ते तुमच्या दारातलं झाड... किती दिवस राहणार आहे?"

"पडेपर्यंत, मादाम. काढायचं नसतं."

"म्हणजे किती?"

"मागचं चौतीस वर्षं टिकलं होतं."

मादाम हसल्या, आणि त्यांच्या इंटरनेटवरच्या फोटोंत आता ते झाडही दिसतं.

पण ते नंतरचं. त्या दुपारी बाहेर गाणी सुरू झाली तेव्हा आर्लेतने आबेलचा दंड धरला आणि त्याला आत नेलं. उंबरठ्यात तो क्षणभर थांबला, टोपी काढली, वाकून आत शिरला. स्वैपाकघर त्याने पहिल्यांदाच पाहिलं. भिंतीवर बापाचा फोटो होता, ओबेंचा होता, आणि लाकडांच्या ढिगावर पाय ठेवून उभ्या असलेल्या विशीतल्या आबेलचाही होता. तो बराच वेळ त्या फोटोंसमोर उभा राहिला. आर्लेतने मांजराला खुर्चीवरून उठवलं, केस झाडले, सुपाचा वाडगा आणून ठेवला. तो बसला. त्याने चमचा तोंडाला लावला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"पिचून, हे सूप गार झालंय."

"मग?" ती समोरच्या खुर्चीत बसत म्हणाली. "इतक्या वर्षांनी आलास, गरम कुठून मिळणार?"

त्याने सूप मुकाट्याने संपवलं. तळाशी थोडं राहिलं तेव्हा आमच्याकडच्या पद्धतीप्रमाणे त्यात लाल वाइन ओतली, वाडगा दोन्ही हातांनी उचलून घटाघटा प्याला आणि मिशा पुसून तो पुन्हा तिच्यापुढे सरकवला.

"आणखी आहे का?"